पंधरा दिवसांत डिफेन्सचा खरेदी अधिकारी म्हणे!

'संरक्षण खात्यात खरेदी अधिकारी व्हा, परीक्षा नाही, 15 दिवसांचा ऑनलाइन कोर्स, कोकणातल्या मुलांना खास कोटा, फी फक्त 12,500.' हा मेसेज आठवडाभर फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो, पण काल मालवणहून मावशीचा फोन, आंब्याचे पैसे आलेत त्यातून बाबूची फी भरते म्हणून. खोटं आहे म्हटलं तर म्हणते, "अरे, त्येच्यार सरकारी शिक्को आसा मरे!" पाहिला तो शिक्का. अशोकस्तंभ आडवा ताणलेला, खाली जीमेलचा पत्ता आणि कुणाचातरी पर्सनल क्यूआर कोड.

फीचंच बघा. यूपीएससी सिव्हिल सर्व्हिसेसच्या पूर्वपरीक्षेला 100 रुपये घेते, मुलींना तेही माफ. त्यातूनच संरक्षण लेखा सेवेत जाता येतं, खरेदीच्या फायलीत पैशाची बाजू तपासणारे ते हेच लोक, त्यांचं ट्रेनिंग पुण्यात. नेव्हीच्या लॉजिस्टिक्सवाल्यांचं, म्हणजे माल पुरवठा बघणाऱ्यांचं, मालाडला, मार्वेच्या आयएनएस हमला या नौदल तळावर, आर्मी ऑर्डनन्सचं, म्हणजे लष्कराला सामान पुरवणाऱ्यांचं, जबलपूरला. आधी सिलेक्शन मग ट्रेनिंग, आणि तेव्हा पैसे आपल्याला मिळतात, आपण भरायचे नसतात!

कोटा म्हणे. 2023 चा नेव्ही डे तारकर्लीला झाला, त्याचा फोटो मेसेजवर चिकटवला की कोटा होतो होय?

डोकं फिरलं ते शेवटच्या ओळीने, 'खरेदीत कमिशन असतंच, पगाराला हात लावावा लागत नाही', आणि बाबूला नेमकं तेच आवडलंय. अरे बाबा, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 7 वाच, लाच घेतली तर कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 7. आणि एकट्याच्या सहीने तिथे काही हलतच नाही, मोठी खरेदी डीएपी नावाच्या नियमावलीप्रमाणे, बूट नि सुटे भाग डीपीएम नावाच्या दुसऱ्या नियमावलीप्रमाणे, गरज एक जण मांडतो, तांत्रिक तपासणी दुसरे करतात, भाव कमिटी बसून ठरवते, त्यात फायनान्सवाला प्रश्न काढून फाईल परत पाठवतो.

एक मान्य करतो, छोटे कोर्स असतात. अमेरिकेसारखी खरेदीसाठी वेगळी युनिव्हर्सिटी आपल्याकडे नाही, त्यामुळे बरेच अधिकारी फायली चाळतच शिकतात, आणि शिकले की बदली. पण ते कोर्स नोकरीत असलेल्यांना, बारावी झालेल्या बाबूला नव्हे.

मावशीने पैसे थांबवलेत. मेसेज टाकणारा त्यांच्याच वाडीतला निघाला, त्याने स्वतः फी भरलीय आणि तीन मुलं आणली की 5,000 परत मिळणारेत त्याला.