खुलासा : ‘मोबाईल घरोघरी, मग आशाताई कशाला?’
“आता घरोघरी मोबाईल आहे, आरोग्याची माहिती सगळ्यांना सारखीच मिळते, आशाताईंची गरज संपली,” असा मेसेज जत भागातल्या ग्रुपांवर फिरतोय. हे खरं नाही.

घरात मोबाईल आहे म्हणजे तो घरातल्या बाईच्या हातात आहे, असं नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी कधीतरी इंटरनेट वापरलेल्या देशभरात ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. खेड्यातल्या महिला जेमतेम २५ टक्के.

आमच्या शेजारच्या सुनेला सहावा महिना, हिमोग्लोबिन ८.४. फोन नवऱ्याचा, तो दिवसभर ट्रॅक्टरवर. रात्री अर्धा तास फोन मिळाला. टायपिंग जमत नाही म्हणून बोलूनच विचारलं, “रक्त कमी आहे, काय करू?” सगळ्यात वर आली ती साडेसातशे रुपयांच्या पावडरीची जाहिरात. सांगलीत कॉलेजला असलेल्या माझ्या पुतणीनं तोच प्रश्न इंग्रजीत टाकला आणि दोन मिनिटांत नीट उत्तर काढलं. प्रश्न एकच होता, हो!

गरोदरपणात ११ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, चहासोबत घ्यायच्या नसतात. हे त्या सुनेला आशाताईंनी सांगितलं, उंबऱ्याशी बसून, रिपोर्टवरच्या आकड्यावर बोट ठेवून.

ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला, त्यांनी हेही त्याच ग्रुपवर टाकावं, ही कळकळीची विनंती.