खुलासा : ब्रिटनमधली प्रत्येक बुजवलेली खिडकी खिडकीकरामुळे नव्हे

ब्रिटिश गावांतल्या जुन्या घरांचे फोटो फिरतात, त्याखाली ठरलेली ओळ असते : खिडकीकर चुकवण्यासाठी ही खिडकी विटांनी बंद केली. हे सरसकट खरे नाही.

कर खराच होता : घराला किती खिडक्या, त्यावर तो ठरे. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो 1696 ते 1851 चालला. सुरुवातीला प्रत्येक घराला 2 शिलिंग, दहापासून वीस खिडक्यांपर्यंत आणखी 4 शिलिंग. 1766 मध्ये सात खिडक्यांच्या घरांवरही बोजा आला. त्यापायी लोकांनी खिडक्या बुजवल्याच, आणि अंधार व कोंदट हवा गरिबांच्या वाट्याला आली. हे विसरता कामा नये.

पण जॉर्जियन काळात (साधारण 1714 ते 1830) दर्शनी भाग दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा म्हणून मुळातच आंधळ्या खिडक्या, म्हणजे बाहेरून खिडकीचा आकार पण आत विटांची भिंत, बांधत. आत धुराड्याची नळी, जिना किंवा आडवी भिंत आली, की तिथे उघडी खिडकी शक्यच नसे.

ओळखायचे कसे? आधी कडा पाहा. खिडकीच्या चौकटीत भरलेल्या विटा बाजूच्या भिंतीत गुंतलेल्या असतील, तर ती बहुधा मुळापासून आंधळी. कडेला वरपासून खालपर्यंत सरळ सांधा, वेगळ्या रंगाच्या विटा, वेगळा चुना दिसला, तर नंतर बुजवलेली. मात्र नंतर बुजवली म्हणजे करामुळेच, असेही नाही. खोल्यांची फेररचना हेही कारण असते. मग घराच्या आत जा : तिथे खिडकीचा कोनाडा आहे की धुराडे? आणि घर 1851 नंतरचे असेल तर कराचा प्रश्नच उरत नाही.