‘सांगू नका म्हटलं तरी आईला सांगितलं’: या रिव्ह्यूला रुग्णालयाचं उत्तर

नमस्कार.

उत्तराआधी एक विनंती. रिव्ह्यूसोबत तुम्ही बायोप्सीच्या रिपोर्टचा फोटो टाकलाय. त्यावर आईंचं नाव, वय आणि पेठ स्पष्ट वाचता येते. तो फोटो कृपया काढून टाका. मजकूर राहू द्या, एक ताराही राहू द्या. पण तो कागद आईंचा आहे. चारचौघांत दाखवायचा की नाही, हे त्यांना विचारल्याशिवाय ना तुम्हाला ठरवता येतं ना मला.

आता तक्रार. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: आईला कॅन्सरचं कळू देऊ नका, असं तुम्ही हात जोडून सांगितलं होतं. तरी आमच्या डॉक्टरबाईंनी तुम्हाला बाहेर थांबवलं, तेलुगू बोलणाऱ्या सिस्टरला सोबत घेतलं आणि जनरल वॉर्डात पडदा ओढून त्यांना सांगितलं. शेजारच्या खाटांवर ते ऐकू गेलं. आई दोन दिवस जेवल्या नाहीत. ‘ही अमेरिका नाही, आपल्यात घर मिळून ठरवतं.’ आणि शेवटी, ‘बिल वाढवायला घाबरवतात.’

डॉक्टरबाई आणि सिस्टर, दोघींशी मी वेगवेगळं बोललो, वॉर्डात जाऊन उभा राहिलो, मग लिहायला बसलो. तुम्ही स्वतः जे उघड केलंत त्यापलीकडे आईंबद्दल एक अक्षरही मी इथे लिहिणार नाही. त्यामुळे माझं उत्तर काही ठिकाणी अर्धवट वाटेल. वाटू दे.

पडद्याचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. आठ खाटांचा वॉर्ड, मध्ये कापडी पडदा. पडद्याआड इंजेक्शन देता येतं, ड्रेसिंग बदलता येतं. असली बातमी देता येत नाही. एका खाटेवरचं बोलणं संध्याकाळी भेटायला आलेल्यांच्या कानावर जातं आणि डबा घेऊन परतणाऱ्यांबरोबर पेठेत पोचतं. पुढे काय होतं ते तुम्हाला मी काय सांगायचं! कॅन्सर शिवल्याने, सोबत जेवल्याने कुणाला होत नाही. तरी ताट-तांब्या वेगळा ठेवणारी घरं मी आजही बघतो. लेकीचं लग्न ठरायचंय म्हणून आजाराचं नाव लपवणारी घरंही बघतो. हे सगळं माहीत असून आम्ही पडद्यावर भागवलं. चूक आमचीच. ओपीडीमागे सलाइनचे खोके रचलेली एक खोली होती, ती रिकामी करून घेतली आहे. दार आहे, तीन खुर्च्या आहेत. अशी बोलणी आता तिथेच होतील.

दुसरी चूक तुम्ही लिहिलेली नाही, पण ती पहिलीपेक्षा मोठी आहे. बातमी सांगून झाल्यावर डॉक्टर खाली ओपीडीत गेल्या, कारण तिथे रांग लागली होती. पुन्हा फेरी झाली ती थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. मध्ये सिस्टर बीपी बघून गेली, बस्स. वाईट बातमी कशी द्यावी, याची सहा पायऱ्यांची एक पद्धत २००० साली कॅन्सरच्या डॉक्टरांनी लिहून काढली आहे. निवांत जागा बघा, माणसाला आधीच काय कळलंय ते विचारा, किती जाणून घ्यायचंय ते विचारा, मग सोप्या शब्दांत सांगा. त्यानंतर त्याला रडू द्या, गप्प बसू द्या, आणि पुढे काय करायचं ते त्याच्याबरोबर ठरवल्याशिवाय उठू नका. आमच्याकडे जागा नव्हती आणि शेवटचं बसणं झालं नाही. वीस खाटांच्या दवाखान्याला समुपदेशक परवडत नाही, हे वाक्य मी इतकी वर्षं म्हणतोय की मला ते खरंच वाटायला लागलं होतं. पण खुर्ची ओढून अर्धा तास बसायला पगारी समुपदेशक लागत नाही. त्याच संध्याकाळी मी बसायला हवं होतं. मी इथेच होतो, वरच्या मजल्यावर.

मात्र ‘आईला सांगितलंच का’ याबद्दल मी माफी मागणार नाही.

आमच्याकडे भरती होताना प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो: ‘रिपोर्ट आले की कुणाला सांगू? तुम्हाला, की घरच्या कुणाला?’ उत्तर केसपेपरवर लिहिलं जातं. मागे एक आजोबा म्हणाले, ‘मला काही सांगू नका, थोरल्याशी बोला, मी आपला विठ्ठलाचं नाव घेत पडतो.’ त्यांना आम्ही शेवटपर्यंत आजाराचं नाव सांगितलं नाही. न ऐकण्याचा हक्कही त्यांचाच होता आणि तो त्यांनी स्वतःच्या तोंडाने वापरला. तुमच्या आईंनी या प्रश्नाला काय उत्तर दिलं, ते मी लिहिणार नाही. ते त्यांनाच विचारा. केसपेपरची प्रत मागण्याचा हक्क त्यांना आहे, आणि मागितल्यापासून ७२ तासांत ती देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

तुम्हाला बाहेर का थांबवलं, सिस्टरला का आणलं? तुम्ही तेलुगू आणि मराठी दोन्ही बोलता, मग दुभाषा कशाला, असं तुम्ही रागाने विचारलंय. सोलापुरात निम्मी ओपीडी तेलुगू आणि कन्नडमध्ये चालते, त्यामुळे हा अनुभव मला रोजचा आहे. मी ‘गाठ वाईट निघाली’ म्हणतो आणि मुलगा आईला सांगतो, ‘जरा सूज आहे म्हणतायत.’ मी ‘ऑपरेशन करावं लागेल’ म्हणतो, तो सांगतो, ‘गोळ्या देणार आहेत.’ मायेपोटीच करतात सगळे. पण पुढे सही किंवा अंगठा आईचा घ्यायचा असतो. तिने सुजेसाठी सही केलेली असते आणि सर्जनचा हात गाठीला लागणार असतो.

आणि मुलासमोर आई मुलाला आवडेल तेच बोलते. प्रत्येक पेशंटशी दोन मिनिटं एकट्याने बोलायचा आमचा नियम त्यासाठीच आहे. त्या दोन मिनिटांत बायका काय काय सांगतात! गोळ्या सहा महिन्यांपासून बंद आहेत. अंगावरचे वळ पडल्याचे नाहीत. ‘माझ्यावर पैसे घालवू नका, नातवाची फी भरायचीय.’ नवरा, सासू, मुलगा कुणीही उभं असलं की यातलं एकही वाक्य बाहेर येत नाही.

लपवणं टिकतं का, याचाही विचार करा. कॅन्सरचं हॉस्पिटल बार्शीला आहे, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात ‘बार्शीला दाखवून या’ म्हटलं की चार वर्गही न शिकलेल्या बाईला अर्थ कळतो. पुढे केमोत केस गळायला लागतात, तेव्हा काय सांगणार? पेशंटला बहुतेक वेळा कळलेलं असतंच. घरचे लपवतात म्हणून तीही न कळल्यासारखं दाखवते, आणि एकाच खोलीत दोन्ही बाजू एकमेकांपासून तोंड लपवून जगतात. बँकेचं खातं, घराचा कागद, भिशीचे अडकलेले पैसे, धाकट्या लेकीशी धरलेला अबोला, यातलं काहीही बोलायला मोकळीक उरत नाही.

अमेरिकेचं म्हणाल, तर तिथेही हेच होतं. १९६१ साली शिकागोच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारलं, तेव्हा ९० टक्के म्हणाले होते की पेशंटला कॅन्सर असल्याचं आम्ही शक्यतो सांगत नाही. १९७९ साली तसाच प्रश्न अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका रुग्णालयात विचारला, तर ९७ टक्के म्हणाले, सांगतो. अठरा वर्षांत पारडं फिरलं. तेव्हा लपवणं ही काही खास आपली संस्कृती नव्हे.

आणि कायदा तर आपलाच आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात निकाल दिला. दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिलेली एक ४४ वर्षांची बाई. डॉक्टरने थिएटरबाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढून टाकलं. न्यायालय म्हणालं, जिवावरची वेळ नव्हती, पेशंट सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबून तिलाच विचारायला हवं होतं. आईची संमती चालत नाही. आईची मुलीसाठी चालत नसेल, तर मुलाची आईसाठी कशी चालेल? घर मिळून ठरवतं हे मलाही मान्य आहे. फक्त जिचं शरीर आहे तिलाही त्या घरात धरा.

बिलाचं एका ओळीत: कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन यातलं काहीच आमच्याकडे होत नाही, बायोप्सी करून आम्ही पुढे पाठवतो, त्यामुळे घाबरवून आम्हाला मिळणार काय? पुढचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे मात्र नक्की विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, थेट त्याच्याकडे जा.

तुम्ही हात जोडलेत तेव्हा डॉक्टरबाईंनी ‘बघते’ म्हटलं, हेही मला कळलं. ते चुकलं. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं की हे तुमच्या आईंना विचारूनच ठरेल. ‘बघते’ म्हणजे ‘हो’ असं तुम्ही धरलंत आणि नंतर फसवल्यासारखं वाटलं असेल, तर तो राग योग्यच आहे. डॉक्टरबाईंना माणुसकी नाही, हे मात्र मी मान्य करत नाही. सांगण्याची जबाबदारी टाळणारे डॉक्टर मी खूप पाहिलेत. ही टाळत नाही.

शनिवारी दुपारी दोननंतर ओपीडी नसते, तेव्हा मी रिकामा असतो. आईंना वाटलं तर त्यांना घेऊन या, नसेल तर तुम्ही एकटे या आणि समोर बसून भांडा. आई येणार असतील तर मागच्या गल्लीतल्या दाराने या, तिथून जिना चढावा लागत नाही. आणि फोटो तेवढा आजच काढा.