परसातील नोंदी आणि ‘लुडबूड’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

कागदी लिंबावरील अळ्यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. मी कोळ्याला कीटक म्हटले, अळ्या मारू नका असे सांगून लिंबाच्या बागायतदारांची दिशाभूल केली आणि ‘परसात खुर्ची टाकून बसणाऱ्या निवृत्त मास्तरांनी कीटकशास्त्रात लुडबूड करू नये’, असे आपले म्हणणे आहे.

कोळ्याबाबत आपण बरोबर आहात. त्याला आठ पाय असतात, कीटकाला सहा. ती चूक मी दुरुस्त केली आहे. बागायतदारांविषयी एवढेच सांगतो की लेख घरच्या दोन झाडांपुरता होता आणि तसे पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते. तो परिच्छेद आपण वाचलेला दिसत नाही.

‘लुडबूड’ हा शब्द मात्र मला लागला. आपल्या बेळगावहून घाट उतरून गेले की कारवार लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील फुलपाखरांचा अभ्यास ज्या तिघांनी केला, त्यांपैकी डेव्हिडसन हे जिल्ह्याचे कलेक्टर, एटकिन मीठ व जकात खात्यात आणि बेल जंगल खात्यात होते. नोकरी सांभाळून त्यांनी अळ्या गोळा केल्या, घरी पाळल्या, कोणती अळी कोणत्या झाडावर वाढते ते टिपले. त्यांनाही आपण हाच शब्द लावणार का? इंग्लंडमधील लेस्टर शहरात जेनिफर ओवेन यांनी १९७२ पासून तीस वर्षे स्वतःच्या घरामागील बागेची नोंद ठेवली आणि वनस्पती व प्राणी मिळून २,६७३ जाती मोजल्या. त्या प्राणिशास्त्र शिकलेल्या होत्या, हे मान्य करतो. पण अभ्यासाची जागा घरची बागच होती.

राहिला मी. चौतीस वर्षे मी मुलांना विज्ञान शिकवले आणि गेली अकरा वर्षे टिळकवाडीतील परसात रोज सकाळी वही घेऊन बसतो. फुलपाखराची मादी लिंबाच्या कोवळ्या पानावर एकेकटे अंडे घालते, लहान अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी होऊन हिरवी झाल्यावर तिला डिवचले की डोक्यामागून उग्र वासाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढते, हे मी पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिले. शेजारच्या कन्नड मावशी फुलपाखराला पातरगित्ती म्हणतात. कोश फुटायच्या सुमारास त्याही कुंपणापाशी येऊन उभ्या राहतात. एका पावसाळ्यात कोशातून फुलपाखरू आलेच नाही, बारीक भोकातून चिमुकल्या गांधीलमाश्या निघाल्या. तो कोश बाटलीत घालून मी एका जाणत्या अधिकाऱ्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी बाटली हातातही न घेता फवारणीचे औषध लिहून दिले. ती माशी कोशातच आपली अंडी घालते आणि अळ्यांची पुढची पिढी त्यामुळे आपोआप कमी होते, हे मला पुढे ग्रंथालयात बसून शोधावे लागले. अळ्या मारू नका, या माझ्या सल्ल्यामागे ती बाटली आहे, खुर्ची नव्हे.

माझी कोणती नोंद चुकली, ते दिवस आणि झाड धरून सांगा. वही उघडून उत्तर देईन. तोवर ‘लुडबूड’ हा शब्द आपण मागे घ्यावा, अशी माझी अपेक्षा आहे.