२५२० वाली पोस्ट पुढे ढकलायच्या आधी हे वाचा

आपल्या सांगलीतल्या ग्रुपांवर ती पोस्ट परत फिरायला लागलीय. १ ते १० सगळ्यांनी भाग जाणारी संख्याच नाही असं जगातले गणिती समजत होते, मग रामानुजननी २५२० शोधली, अशी ही एकमेव संख्या, आणि तिचं गुपित म्हणजे ७ वार × ३० दिवस × १२ महिने. विश्रामबागेतले चांगले शिकलेले लोकपण खाली हात जोडतायत म्हणून लिहितोय.

एकमेव? २५२० ची दुप्पट ५०४०, तिप्पट ७५६०, कितीही पुढे जा, सगळ्यांना १ ते १० ने भाग जातो. २५२० त्यातली सगळ्यात लहान, एवढंच खरं. आणि ती काढायला लसावि पुरतो, स्कॉलरशिपची पोरं घंटा एकदम कधी वाजतील ते काढतात ना, तोच. ८, ९, ५ आणि ७ यांचा गुणाकार करा, बाकीचे आकडे त्यातच आले.

कुणाला माहीत नव्हतं हे तर साफ चूक. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोनं आदर्श नगरात ५०४० कुटुंबं असावीत असं लिहिलंय आणि कारण हेच दिलंय की तिला १ ते १० सगळ्यांनी भाग जातो. याला तेवीसशे वर्षांहून जास्त झाली.

कॅलेंडरचं म्हणाल तर गुणाकार बरोबर आहे, पण ३० मध्ये २, ३, ५ आहेत आणि १२ मध्ये २, २, ३, म्हणजे तेच अवयव वेगळे मांडलेत. महिना ३१ चा धरा, २६०४ येतात, ५ ने भागच जात नाही.

मला खरा राग येतो तो रामानुजनच्या नावावर लसावि खपवतात याचा. त्या माणसानं १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या अंकात मोठा पेपर छापला, विषय असा की आपल्यापेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्या कुठल्या आणि त्यांची घडण कशी असते, आणि याच कामावर १९१६ ला केंब्रिजची पदवी मिळाली. २५२० त्यात बसते, तिला ४८ विभाजक आहेत, पण पेपरात अशा संख्यांची जी यादी आहे तिच्यात ती अगदी सुरुवातीला येते. यादीतली शेवटची संख्या बघा, ६७,४६,३२,८३,८८,८००. कॉम्प्युटर नाही काही नाही, हातानं! मधली एक संख्या सुटली, २,९३,३१,८६,२५,६००, तिला २३ ने गुणलं की हीच शेवटची येते. या शेवटच्या संख्येत २ सहा वेळा, ३ चार वेळा, ५ आणि ७ दोन-दोनदा, मग ११, १३, १७, १९, २३ एकेकदा, म्हणून विभाजक १०,०८०. तिला १ पासून २८ पर्यंत कशानंही भागा, बाकी शून्य, अडतं ते थेट २९ ला, कारण २९ ही मूळ संख्या आहे आणि ती या अवयवांत नाही.