“इंग्लिश औषधं सुटतील म्हणून आलो होतो”: खानापूरहून आलेल्या अभिप्रायाला दवाखान्याचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय काल रात्री दवाखाना बंद केल्यावर वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आईंचा आमवात नऊ वर्षांचा. ‘आयुर्वेद, योग आणि आधुनिक उपचार एकाच ठिकाणी’ ही आमची पाटी वाचून इंग्लिश औषधं सुटतील या आशेनं तुम्ही खानापूरहून बेळगावला आलात. इथे उलटंच झालं. इंग्लिश गोळी तशीच राहिली आणि जिनं गुण येत होता ती वैद्याची पुडी मात्र कमी करायला लावली. आठ दिवसांत सांधे धरले. त्यात रक्ताच्या तपासण्या, अडीच तास ताटकळणं आणि आहाराचा कागद इंग्रजीत. शेवटी तुम्ही लिहिलंय, “आता आम्हीच सगळं बंद केलंय.”

बाकीचं नंतर, आधी या शेवटच्या वाक्याबद्दल. ‘सगळं’ यात पुडीसुद्धा आली असेल तर कृपया आजच दवाखान्यात फोन करा. बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड, म्हणजे सूज झटकन दाबणारं औषध, मिसळलेलं असू शकतं. ते महिनोन्‌महिने पोटात गेलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, आणि मग पुडी एकदम तोडली तर अंगातला आधारच जातो. उठवेना इतका अशक्तपणा, उलट्या, चक्कर, ग्लानी यातलं काहीही दिसलं तर माझी वाट बघू नका. जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या आणि “पुडी चालू होती, बंद केली” हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. पुडी कमी करत आणायची असते ती यासाठीच.

आईंचे रिपोर्ट, त्यांच्याशी झालेलं बोलणं यातलं मी इथे काही लिहिणार नाही. तो त्यांचा खासगी मामला आहे. तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंय तेवढ्यापुरतंच बोलते. बाकी जे सांगते ते आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांनाच लागू आहे.

आमच्याकडे पहिल्या भेटीत नाडी आणि बीपीच्याही आधी पिशवी बघतात. घरून आणलेली औषधांची पिशवी टेबलावर उलटी करायची. त्यातून काय काय निघतं! नावाचा भागच कापून गेलेली अर्धी स्ट्रिप. घरधन्याची बीपीची गोळी, चुकून आलेली. शेजारणीनं प्रेमानं दिलेली गुळवेलीच्या चूर्णाची डबी. खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत भरलेला काढा. आणि तळाशी, वर्तमानपत्राच्या कागदात बांधून पांढऱ्या दोऱ्यानं गुंडाळलेल्या पुड्या. उघडली की करडी भुकटी. नाव नाही, तारीख नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही.

ही पिशवी मी एकटी बघत नाही. आमच्या आयुर्वेदाच्या डॉक्टर शेजारी बसतात आणि पुडी कमी करा असं बहुतेक वेळा त्याच सांगतात. वैद्यच वैद्याची पुडी काढतोय म्हणून लोकांना नवल वाटतं. पण परवाना घेऊन बनवलेल्या आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवरही घटक, बॅच, परवाना क्रमांक छापावा लागतो. पुडीवर काहीच नाही, मग आत काय आहे हे त्यांनी तरी कशावरून ओळखायचं? “गोळ्या खाऊन पोट जळतंय ओ डॉक्टर, पुडीनं बगा कसं चट्‌ बरं वाटतंय,” हे आम्ही आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. हे ‘चट्‌’च आम्हाला काळजीत टाकतं. आमवाताची सूज दोन दिवसांत उतरते, भूक खवळते, चेहरा गोल होतो, काही महिन्यांनी शुगर वाढते. ही सगळी वाट स्टेरॉइडची आहे. हाडं ठिसूळ होतात ती वेगळीच. शिसं आणि पाऱ्याचा धोकाही कल्पनेतला नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या दुकानांमधून ७० आयुर्वेदिक उत्पादनं घेऊन तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. ती तर लेबल लावून विकलेली होती.

म्हणून आयुर्वेदाला मी कमी लेखते असं समजू नका. पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संशोधन संस्था आपल्याच गावात, नेहरूनगरला आहे, याचा मला बेळगावकर म्हणून अभिमान आहे. पण तिथलं कामही वनस्पतीची ओळख पटवून, मोजून, तपासूनच चालतं. दोऱ्यानं बांधलेली पुडी त्या वाटेनं आलेली नसते.

आता इंग्लिश गोळी. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. दुखणं कमी-जास्त होत राहतं, पण आत हाड झिजत असतं, आणि वाकडी झालेली बोटं पुन्हा सरळ करणारं औषध ना आमच्याकडे आहे ना आयुर्वेदाकडे. मेथोट्रेक्झेटसारखी गोळी ती झीज रोखते. आठवड्यातून एकदाच घ्यायची ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून आम्ही ती ज्या-त्या पेशंटच्या पाकिटावर लाल पेनानं ‘फक्त रविवारी’ असं मराठीत लिहितो. ती यकृतावर आणि रक्तपेशींवर ताण देते. रक्ताच्या तपासण्या त्यासाठी, सुरुवातीला लवकर लवकर, मग साधारण दोन-तीन महिन्यांनी. त्या कुठेही करा, जिल्हा रुग्णालयात केलेल्याही चालतील. आम्ही कुठल्याही लॅबचं कमिशन घेत नाही. गुळवेलही अशा पेशंटला आम्ही थांबवायला सांगतो. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, वाद झाला. वाद मिटेपर्यंत दोन्हींचा भार एकाच यकृतावर टाकायची माझी तयारी नाही.

मग आमच्याकडे वेगळं काय, असं तुम्ही विचाराल. सकाळी अर्धा-पाऊण तास बोटं ताठ राहतात, तेव्हा कोमट पाण्यात हात कसे हलवायचे हे योगशिक्षिका बसून शिकवतात. तेल कुठल्या सांध्याला लावायचं आणि लालबुंद, गरम सांध्याला का चोळायचं नाही हे आयुर्वेदाच्या डॉक्टर सांगतात. भाकरी थापवत नसेल तर काय करायचं, झोप कशी लागेल, जेवणात डाळ-उसळ किती हवी, हे सगळं एकाच कागदावर येतं. एकत्र उपचार म्हणजे एकाच्या जागी दुसरं नव्हे. पेशंटच्या पोटात काय काय जातंय ते कुणीतरी एकानं पूर्ण बघणं, याला मी एकत्र उपचार म्हणते.

केमो सोडून काढ्यावर बरे झालेल्या ओळखीच्या माणसाबद्दलही तुम्ही लिहिलंय. त्यांना आयुष्य लाभो. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, बऱ्या होऊ शकणाऱ्या कॅन्सरवर फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट होतं, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त. कॅन्सरच्या पेशंटची मळमळ, थकवा, भीती, वेदना यावर आम्ही मनापासून काम करतो, केमोच्या सोबतीनं. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. बंदी नसती तरी मी ती पाटी लावली नसती.

आता आमच्या चुका. पुडी कमी होताना दुखणं काही दिवस वाढतं हे पेशंटला आत सांगितलं जातं, पण घरच्यांना बसवून सांगायला हवं आणि कागदावरही लिहायला हवं. ते आम्ही केलं नाही. रात्री कळवळणारी आई बघून मुलगा दुसरं काय करणार? तुमच्या जागी मीही चिडले असते. आहाराचा कागद इंग्रजीत असणं याला तर काहीच सबब नाही. बेळगावात बसून मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या बायकांच्या हातात इंग्रजी कागद द्यायचा, याची मला लाज वाटली. दोन्ही भाषांतले कागद लिहून झालेत, या आठवड्यात छापून येतील. अडीच तासांबद्दलही माफी मागते. बाहेरगावच्यांना यापुढे वेळ ठरवून देऊ, म्हणजे परतीची बस चुकणार नाही.

गुरुवारी सकाळी अकराला तुमच्यासाठी वेळ राखून ठेवली आहे, फी लागणार नाही. तुम्ही आईंबरोबर आत बसा. तोवर कुठलीही गोळी मनानं सुरू करू नका, शेवटची रविवारची गोळी कधी घेतली ते आठवून ठेवा. पिशवी आहे तशी आणा, उरलेल्या पुड्यांसकट. फेकल्या असतील तर त्यांचा कागद तरी आणा.