खाडा धरायचा नाही

फेब्रुवारी महिना, सकाळचे साडेसहा, टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपोचं मैदान, आणि मी फिरायला आलेल्या अनोळखी काकांच्या मागं मागं जाऊन विचारतोय, "काका, तुमचा फोन अँड्रॉइडच आहे न्हवे?" पहिल्या काकांनी खिशावर हात ठेवला आणि चाल वाढवली. दुसऱ्यांनी लांबूनच सांगितलं, ओटीपी देणार नाही म्हणून. तिसरे मात्र थांबले, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, मला वाटलं मिळाला माणूस, तर म्हणाले, "इन्शुरन्सचं काय ते घरी येऊन बोल, मिसेसला विचारायला लागतंय."

इन्शुरन्सचं नव्हतं हो, दुधाचं होतं.

झालं असं की पुण्यातली नोकरी सोडून मी बेळगावला परत आलो आणि माडीवरच्या खोलीत स्वतःची कंपनी काढली. कंपनी म्हणजे मी, एक लॅपटॉप आणि एक इन्व्हर्टर, त्यातला इन्व्हर्टरच काय तो वेळेवर कामाला लागायचा. आई बाहेर सांगायची, "तो वरच असतोय, काहीतरी करालाय." सहा महिने वर बसून जे करालो होतो ते दुधाच्या रतीबाचं ॲप. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडर आहे, त्याला दोऱ्यानं बांधलेलं पेन आहे, आणि गवळीमामा दूध घालून गेले की आई त्या दिवसाच्या घरात 1 किंवा 1½ लिहिते, दूध नसलं तर नुसतं 'खा'. खा म्हणजे खाडा. महिना संपला की गवळीमामा आणि आई कॅलेंडरासमोर उभे राहून बेरीज करतात आणि कुठल्यातरी दोन दिवसांवरून भांडतात, "आम्ही खानापूरला लग्नाला गेलो होतो की," "खरं, तुमच्या सूनबाईनी अर्धा लिटर घेतलंय त्या दिवशी." ते भांडण बघून माझ्या डोक्यात आलं, याला ॲप पाहिजे. ते भांडण दर महिन्याला चहा उकळायच्या आत मिटायचं हे तेव्हा काय लक्षात आलं नाही.

तर कोड लिहून झाला. जानेवारी 2024 मध्ये प्ले स्टोअरचं खातं काढलं, 25 डॉलर, एकदाच भरायचे, म्हणजे साधारण दोन हजार रुपये. ॲपलकडं दरवर्षी 99 डॉलर लागतात, ते बघून म्हटलं आयफोनवाल्यांनी दूध घेऊ दे, हिशोब नंतर बघू. आणि मग तो नियम वाचला. 13 नोव्हेंबर 2023 च्या नंतर काढलेलं वैयक्तिक खातं असलं तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करायच्या आधी निदान 20 माणसांनी ते सलग 14 दिवस टेस्ट करायला पाहिजे. सलग. मध्ये माणूस गळाला तर त्याचे दिवस परत पहिल्यापासून.

आता 2023 चं लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं. मला तारीख पाठ आहे कारण त्या दिवशी आईनं सांगितलं होतं, "आज मुहूर्त चांगला आहे, त्या कंपनीचं काय ते खातंबितं आजच काढून टाक." मी म्हटलं, आई, इंटरनेटला मुहूर्त नसतोय, आणि चिवडा खात बसलो. त्या एका वाटी चिवड्यापायी मी 20 माणसं हुडकत व्हॅक्सिन डेपोवर आलो. आई अजून ऐकवते, रोज नाही, पाहुणे आले की.

तसं म्हटलं तर नियम काय वाईट नाही. पूर्वी कोण पण उठायचा आणि काय पण कचरा स्टोअरवर टाकायचा. कंपनीच्या नावानं खातं असलं तर ही माणसं लागत नाहीत, पण त्याला रजिस्टर केलेली कंपनी आणि डन्स नंबर, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, लागतोय, आणि आमच्या कंपनीची सगळ्यात मोठी कागदोपत्री नोंद म्हणजे आईनं दारावर खडूनं लिहिलेलं 'मीटिंग चालू, कुकर लावला आहे'.

पहिल्यांदा दोस्तांना फोन लावले. इंजिनिअरिंगची पोरं, सगळी बेंगळूर-पुण्याला, एकदम खूश, "तुझ्यासाठी काय पण मर्दा, पाठव लिंक." पाठवली. सातजणांचे आयफोन. ही तीच पोरं जी गोवावेसला एक भजी प्लेट तिघांत खायची. उरलेल्यात एकजण हो म्हणाला आणि दोघांनी अंगठा टाकला, तो अंगठा अजून तसाच आहे.

मग आईनं सूत्रं हातात घेतली. तिची भिशी आहे, अकरा बायका. म्हणाली, "पुढची भिशी आपल्याकडं धरते, तू खाली येऊन सगळ्यांच्या मोबाईलात घालून दे, खरं कुंदा आणायला पाहिजे." आणला. सगळ्या टेस्टरांना पाव पाव किलो म्हटलं तर 20 माणसांचा 5 किलो होतो, हा खर्च मी बिझनेस प्लॅनमध्ये धरला नव्हता.

भिशीच्या दिवशी काय झालं ते सांगायला एक वेगळा जन्म पाहिजे. टेस्टर व्हायला जीमेल लागतोय. "मावशी, तुमचा जीमेल काय?" "तो पोरानं काढून दिलाय." "पासवर्ड?" "त्यालाच ठाऊक." "तो कुठं आहे?" "दुबईला, आता झोपला असणार, दुपारी झोपतोय." मग दुबईत पोराला उठवायचं. एका काकूंच्या फोनमध्ये चार जीमेल निघाले, चारही त्यांच्याच नावाचे, प्रत्येक वेळी पासवर्ड विसरला की दुकानवाला नवीन काढून द्यायचा. एकीच्या फोनमध्ये जागाच नव्हती, गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलेला, एक पण पुसू देईनात, शेवटी नातवाची गेम काढून आमचं ॲप घातलं आणि संध्याकाळी तो नातू आमच्या दारात रडत आला.

तरी पण पोचलो. अकरा भिशीतल्या, चुलतभाऊ, त्याची बायको, शहापूरचे मामा, मामांच्या दुकानातले दोघे, वडगावच्या विणकर कॉलनीतला एक दोस्त, समोरचे रिटायर्ड मास्तर, तो एकुलता एक इंजिनिअर, व्हॅक्सिन डेपोवर शेवटी पटलेले तिघे, आणि गवळीमामा. 23 झाले. मुद्दाम तीन जास्त धरले, पंगतीला दोन पानं जास्त मांडतात तसं. 20 फेब्रुवारीला मंगळवारी सगळे आत आले आणि चौदा दिवस सुरू.

आई रोज सकाळी विचारायची, "आज किती आहेत?" आणि मी सांगितलेला आकडा कॅलेंडरवर दुधाच्या आकड्याखाली बारीक अक्षरात लिहायची. 1½, खाली 23. दुसऱ्या दिवशी 1, खाली 23. चौथ्या दिवशी खाली 22. कोण गेलं? समोरच्या काकू. गेलो विचारायला. तर टेस्टर झालं की त्या पानावर 'तुम्ही टेस्टर आहात' असं बारीक असतंय आणि खाली 'प्रोग्रॅम सोडा' असं मोठं बटण. काकू म्हणाल्या, "बटण होतं म्हणून दाबलं. दाबायचं नव्हतं तर ठेवलं कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. मी पण बटणं ठेवतो, मला पण माहीत नसतंय कशाला.

सहाव्या दिवशी 21. आठव्या दिवशी 20, काठावर. एक व्हॅक्सिन डेपोवाले काका निपाणीला लेकीकडं गेले आणि जावयानं 'हे काय फालतू घातलंय' म्हणून सगळं साफ करून दिलं. मी मग प्रत्येकाच्या घरी रोज चक्कर मारायला लागलो, वर वर चौकशीला म्हणून, खरं म्हणजे फोन जागेवर आहे काय बघायला. आई म्हणाली, "तू आता गवळ्यासारखा झालास, रोज दारोदार." खाडा धरायचा नाही एवढंच डोक्यात.

आणि तक्रारी तर काय विचारू नका. मला वाटलं होतं टेस्टर लोक 'हे बटण उजवीकडं पाहिजे' असलं काहीतरी सांगतील. मास्तरांनी दोन पानी शुद्धलेखनाची यादी दिली. मामा म्हणाले, पाऊण लिटर लिहायला 0.75 दाबायला लागतंय, 'पाऊण' असं एक बटण का नाही? बरोबर आहे की! सहा महिन्यांत मला एकदा पण सुचलं नाही, जन्म पाऊण-सव्वा-दीड म्हणण्यात गेला तरी. गाव निवडायच्या जागी मी 'बेळगाव' लिहिलेलं, त्यावरून दोन वेगवेगळ्या लोकांनी दोन वेगवेगळ्या दिशेनं मला अर्धा अर्धा तास सुनावलं, सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झालंय त्यामुळे कुठलं पण एक लिहिलं की अर्धं गिऱ्हाईक गेलं. तो रकानाच काढला, नुसता पिनकोड ठेवला. 590 वर कुणाचं भांडण नाही.

वडगावच्या दोस्तानं कन्नड करून दिलं. दूध म्हणजे 'हालु', तेच ॲपचं नाव. त्यानं ॲप उघडलं, गोल गोल फिरणारं चाक बघत बसला आणि म्हणाला, "नाव दोन्ही भाषेत जमलंय बघ. कन्नडमध्ये हालु, मराठीत हळू."

खरी गंमत एक मार्चला झाली. गवळीमामांकडं चाळीस घरं आणि दिवसाला साठ लिटर दूध, त्यांनी मोठ्या हौसेनं सगळी घरं ॲपमध्ये भरलेली. सकाळी दूध घालायला आले ते कॅन खाली ठेवूनच बोलले, "बाळा, खाली ये." मी आलो. त्यांनी फोन पुढं केला. फेब्रुवारीचं पान. 26, 27, 28, आणि तिथून बोट सरकवलं की सरळ 1 मार्च.

2024 लीप वर्ष. मी रात्री दोनला झोपेत एक ओळ लिहिली होती, बारा महिन्यांचे बारा आकडे, 31, 28, 31, 30 असे, हातानं. तारखांची सोय बहुतेक प्रोग्रॅमिंगच्या भाषांत आयती असते, ती सोडून हातानं. ज्या कॅलेंडराला हरवायला निघालो होतो त्याच्यात 29 तारीख छापलेली होती आणि तिच्याखाली आईच्या अक्षरात 1½ पण होतं.

मामा शांतपणे म्हणाले, "आमच्या म्हशींनी 29 ला सुट्टी घेतली नव्हती. साठ लिटर, साठ रुपयांनी, छत्तीसशे रुपये. तुझ्या मोबाईलनं एका दिवसात छत्तीसशेचं दूध पिलंय." आई आतनं हसालेली मला ऐकू आली.

मी म्हटलं, मामा, 29 ला कुणी सांगितलं का नाही मला? वीस माणसं आहेत! मग एकेकाला विचारलं. भिशीतल्या बायकांना 29 चं घर सापडलं नव्हतं, प्रत्येकीला वाटलं आपलंच काहीतरी चुकालंय, म्हणून कुणी 28 मध्ये तीन लिटर घातलं, कुणी दुसऱ्या दिवशीच्या घरात, आणि एकीनं मागचा जानेवारी उघडून तिथल्या 29 मध्ये. इंजिनिअरनं बघितलंच नव्हतं, तो रोज ॲप उघडून नुसता बंद करत होता, माणुसकी म्हणून. मास्तरांना दिसलं होतं, पण ते म्हणाले, "मला वाटलं तुम्ही लोकांनी काहीतरी नवीन पद्धत काढली असेल."

त्या रात्री ते दुरुस्त केलं. 4 मार्चला चौदा दिवस पूर्ण झाले, आकडा 20 वरच होता. मग स्टोअरनं फॉर्म भरून घेतला, टेस्टरांकडून काय शिकलात, काय बदललंत, असं. मी खरं तेच लिहिलं, पाऊणचं बटण घातलं आणि 29 फेब्रुवारी घातला. काही दिवसांत ॲप खुलं झालं. आईनं त्या दिवशी कॅलेंडरवर काही लिहिलं नाही, फक्त विचारलं, "आता रोज विचारायचं नाही काय किती आहेत म्हणून?" थोडी नाराजच वाटली.

धंद्याचं म्हणाल तर वर्षाला 99 रुपये लावलेत. त्यातले 15 टक्के स्टोअरचे, हातात 84 रुपये 15 पैसे. डिसेंबरपर्यंत पैसे भरलेली सहा माणसं झाली, म्हणजे 504 रुपये 90 पैसे. कुंद्याचा खर्च अजून निघालेला नाही.

त्याच डिसेंबर 2024 मध्ये वाचलं की तो नियम बदलला, 20 ऐवजी आता 12 माणसं पुरतात. मी खाली जाऊन आईला सांगितलं. ती दूध गाळत होती. म्हणाली, "मग आठ जणींचा कुंदा फुकट गेला म्हण की." गवळीमामा दारातच होते, त्यांनी माप कॅनमध्ये टाकलं आणि म्हणाले, "बाळा, जानेवारीपासून लिटरला दोन रुपये वाढवालोय. तुझ्या मोबाईलात भाव बदलायची सोय आहे काय?"

नव्हती. म्हणजे आहे, पण भाव बदलला की मागच्या सगळ्या महिन्यांची बिलं पण नव्या भावानं परत होतात, ते मला त्या क्षणी दारात उभं राहून कळलं. म्हटलं, मामा, दोन दिवस द्या, अपडेट आणतो.

आईनं दोऱ्याचं पेन ओढलं, नवीन कॅलेंडरवर जानेवारीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेले 60 खोडले, 62 केले आणि दूध तापवायला आत गेली.